मेणखडूची रेघ

बाथरूममध्ये कमोडशेजारची फरशी पायाखाली दबली तेव्हा मला वाटलं, माझाच तोल गेला असेल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच जागी पाय टेकवला. पुन्हा तेच. पावसात भिजलेल्या बांधावर पाय द्यावा तसं. दोन टाइल्समधली सांध काळी पडली होती आणि शॉवरच्या उंबऱ्यालगत भिंतीच्या रंगाला फुगा आला होता.

आमचं घर कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलचं, १९५०च्या दशकात बांधलेलं. त्या काळातली इथली बरीच घरं लाकडी सांगाड्याची आणि जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली. खालच्या पोकळीत माणसाला पोटावर सरपटत जाता येतं. प्लंबर टॉर्च घेऊन त्या पोकळीत शिरला आणि वीस मिनिटांनी बाहेर येऊन त्यानं मला फोनमधले फोटो दाखवले. फरशीखालचं प्लायवुड चहात बुडवलेल्या खारीसारखं झालं होतं. त्याखालच्या लाकडी तुळईत त्यानं स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, तर तो दांड्यापर्यंत आत गेला.

"हे बाथरूम कुणी केलंय?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. "त्याचा लायसन नंबर आहे का तुमच्याकडे?"

नव्हता.

ते काम २०१७ सालचं. गणपतीत आरतीला भेटणाऱ्या एका कुटुंबानं त्या माणसाचं नाव सुचवलं होतं. आमचं किचन यानंच केलं, हात चांगला आहे, आणि बाकीच्यांच्या निम्म्यात करतो. आम्ही घर नुकतंच घेतलेलं, मुलगी दोन वर्षांची, पैशांची ओढाताण. तो आला, सोफ्यावर बसून चहा घेतला, टेप लावून मापं घेतली आणि साडेबारा हजार डॉलर सांगितले. पाच हजार आधी, रोख. करार म्हणाल तर वहीच्या एका पानावर कामांची यादी. नगरपालिकेच्या परमिटचं विचारलं तर म्हणाला, त्यात महिना जाईल, आणि घराच्या आतलं काम बघायला कोण येतंय?

लायसनचा प्रश्न तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण माणूस ओळखीतून आलेला, आपल्या घरी बसून चहा प्यायलेला. त्याला कागद मागायचे म्हणजे तुझ्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगण्यासारखं. आपल्याकडे हा संकोच फार खोल असतो. शेजारणीला उसने दिलेले पैसे परत मागताना जीभ जड होते, तीच गत. मी प्रश्न गिळला.

त्याच्या हाताखाली एक पोरगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. एके दिवशी टाइल कापताना त्याचा अंगठा चिरला. मी सिंकपाशी उभं राहून त्याचा हात धुतला, पट्टी बांधली, त्याला जेवायला वाढलं. त्या संध्याकाळी मला फक्त त्याची कीव आली होती. कामगाराचा विमा नसलेल्या माणसाकडून आपण काम करवून घेतो आणि त्याच्या हाताखालच्या कुणाला आपल्या घरात मोठी इजा होते, तेव्हा जबाबदारी घरमालकावर येऊ शकते, हे मला फार नंतर कळलं. त्याहून जास्त टोचतं ते हे, की तो अंगठा खरंच तुटला असता तर त्या पोराच्या मागे कुणीच उभं नव्हतं. दवाखान्याचा खर्च नाही, बुडालेली मजुरी नाही. अर्ध्या किमतीतला अर्धा असा कुठून कुठून आलेला असतो.

बाथरूम झालं ते सुंदर झालं होतं, हेही सांगायला हवं. निळसर टाइल्स, सरळ ओळी. पाहुण्यांनी कौतुक केलं. चूक होती ती टाइल्सच्या खाली. प्लंबरनं मला समजावलं ते मी कधी विसरणार नाही: टाइल पाणी अडवत नाही. टाइल्समधल्या सांधेतून पाणी रोज थोडं थोडं झिरपतच असतं. पाणी अडवतो तो खालचा थर, जो कुणाला दिसत नाही. आमच्याकडे तो थर नव्हताच. सात वर्षं रोजच्या आंघोळीचं थोडं थोडं पाणी त्या लाकडात मुरत राहिलं.

त्या माणसाचा फोन लागला नाही. नंबर बंद झाला होता. ज्यांनी नाव सुचवलं ते कुटुंब टेक्ससला गेलेलं. विनापरवाना कॉन्ट्रॅक्टरला दिलेले सगळे पैसे परत मागायचा हक्क इथला कायदा घरमालकाला देतो, इतका तो कडक आहे. पण त्याला मुदत असते आणि आमची केव्हाच उलटून गेली होती.

रविवारी मी अण्णांना फोन केला. अण्णा माझे वडील, कराडला असतात, शिक्षक म्हणून निवृत्त झाले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी उभं करून बघितलं नव्हतं का?"

आमचं कराडचं घर अण्णांनी १९८६ साली बांधलं. मी आठ वर्षांची होते. मिस्त्री आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. अण्णांचा आणि त्यांचा करार शंभर पानी वहीत होता: मजुरी चौरस फुटावर, माल आमचा. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी मिस्त्री यायचे, अण्णा वहीत उचल लिहायचे, मिस्त्री तिथंच सही करायचे. स्लॅब पडला त्या दिवशी सेंटरिंगवाले, खडी-वाळूच्या पाट्या वाहणाऱ्या बायका, मिक्सरवाला, सगळ्यांना आईनं जेवू घातलं. आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णांचं क्युरिंग सुरू झालं. स्लॅबवर सिमेंट-वाळूचे बोटभर उंच बांध घालून चौकोन पाडले होते, शेतातल्या वाफ्यांसारखे, आणि त्यांत पाणी भरून ठेवलेलं. सकाळी शाळेत जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर अण्णा शिडीनं वर चढायचे आणि कोणत्या वाफ्यातलं पाणी किती उतरलं ते बघायचे. मी त्यांच्या मागे. एक वाफा इतरांपेक्षा लवकर रिकामा व्हायचा. अण्णांनी मिस्त्रींना बोलावून दाखवलं. मिस्त्री काही न बोलता खाली गेले, छताला खालून हात लावून आले, आणि दुसऱ्या दिवशी तो भाग त्यांनी स्वतः नीट केला. मजुरी मागितली नाही.

कशी मागणार? त्यांचा मुलगा अण्णांच्या वर्गात होता. संध्याकाळी मारुतीच्या देवळात दोघांची रोज गाठ. मिस्त्रींची अब्रू आमच्याच मागच्या गल्लीत राहत होती आणि घर गळलं असतं तर ती सगळ्या पेठेत फिरली असती. अण्णांना त्यांच्याकडे कोणता कागद मागायची गरजच नव्हती. मी सनीव्हेलमध्ये नेमकं हेच गृहीत धरलं होतं. ओळखीतून आलाय म्हणजे झालं. पण इथं त्या माणसाची गल्ली कोणती, देऊळ कोणतं, त्याला कुठं तोंड दाखवायचं होतं? काहीच नव्हतं. होती ती फक्त आरतीतली एक ओळख.

या वेळी मी सगळं वाचून काढायचं ठरवलं. मुलगी झोपली की ओट्याशेजारच्या टेबलावर बसायची आणि वाचायची. कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड म्हणून सरकारी मंडळ आहे, १९२९ सालापासूनचं. मजुरी आणि माल मिळून १००० डॉलर किंवा त्याहून जास्तीचं बांधकाम करायचं तर या मंडळाचा परवाना लागतो. २०२४ संपेपर्यंत ही मर्यादा ५०० होती. त्याखालच्या किरकोळ कामाला सूट आहे, पण त्या कामाला परमिट लागत असेल किंवा हाताखाली माणसं ठेवली असतील तर ती सूटही मिळत नाही. परवाना मिळवायला त्या कामाचा किमान चार वर्षांचा पक्का अनुभव दाखवावा लागतो, एक परीक्षा कामाची आणि एक कायदा-व्यवहाराची द्यावी लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि २५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे नुकसान झालेल्यांसाठीची हमी, द्यावा लागतो. परवान्याचे वर्ग वेगवेगळे. विजेचा सी-१०, नळाचा सी-३६, टाइल्सचा सी-५४. 'बी' वर्ग म्हणजे आपण ज्याला जनरल कॉन्ट्रॅक्टर म्हणतो तो, वेगवेगळी कामं एकत्र करून पूर्ण बांधकाम अंगावर घेणारा.

एका नियमापाशी मात्र मी थांबले आणि तो दोनदा वाचला. घरदुरुस्तीच्या कामात कॉन्ट्रॅक्टर आगाऊ किती मागू शकतो? एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १००० डॉलर, यांतलं जे कमी असेल तेवढंच. म्हणजे काम साडेबारा हजारांचं असो की एक लाखाचं, हजाराच्या वर नाही. त्यानंतरचे हप्तेही झालेल्या कामापेक्षा पुढे जाता कामा नयेत. आम्ही पाच हजार रोख मोजून दिले होते. त्या माणसानं पाच हजार मागितले त्याच क्षणी, दुसरं काहीही न विचारता, आम्हाला सगळं कळायला हवं होतं. हा एक आकडा जरी घराघरांत माहीत असता तरी किती जणांचे पैसे वाचले असते! म्हणून मी हल्ली इथल्या प्रत्येक नव्या मराठी घरमालकाला, तो विचारो न विचारो, हे सांगते.

मग माणसं बोलावली. तीन दर घ्यायचे असं ठरवलं होतं.

पहिला फार गोड बोलला. नंबर विचारल्यावर लगेच दिला. मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून बघितला तर परवाना खरा, चालू, पण सी-३३, म्हणजे रंगकामाचा. फरशी उकलून तुळया बदलायच्या कामाचा त्याच्याशी काही संबंध नाही. नंबर नुसता मागून भागत नाही, तो कोणत्या कामाचा आहे, कोणाच्या नावाचा आहे, मुदत कधी संपते, कामगारांचा विमा दाखवलाय का, हे सगळं त्या एकाच पानावर दिसतं आणि ते वाचावं लागतं. दुसऱ्याचा वर्ग बरोबर होता. पण तो म्हणाला, परमिट तुम्हीच तुमच्या नावानं काढा, स्वस्त पडेल. तोवर मी वाचलं होतं, की परमिट घरमालकानं काढलं की नगरपालिकेच्या दृष्टीनं बांधणारा घरमालकच, आणि बिघडलं तर उत्तर द्यायचं त्यानंच. मी त्याला नम्रपणे नाही म्हटलं.

तिसरा मूळचा मेक्सिकोचा, पन्नाशीचा, गुडघ्यावर निळं पॅड बांधलेला. दारातच त्यानं पाकिटातून परवान्याचं छोटं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मी अजून विचारलंही नव्हतं. "आधी हे तपासा. मग मी आत येतो." मी उभ्या उभ्या फोनवर नंबर टाकला. 'बी', चालू, कामगारांचा विमा आहे, नाव तेच. मी जरा अवघडून म्हटलं, माफ करा, मागच्या वेळी असं असं झालं. तो म्हणाला, माफी कशाला? या कार्डासाठी मी बारा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि रात्री परीक्षेचा अभ्यास केला. कुणी बघायला मागितलं की मला बरं वाटतं.

त्या वाक्यानं माझ्या मनातली जुनी गाठ सुटली. कागद मागणं हा अविश्वास, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आणि इथं एक कष्टानं कागद मिळवलेला माणूस सांगत होता, की न विचारणाऱ्यांमुळेच त्याच्या कष्टाला किंमत राहत नाही. नंबर नसलेला निम्म्यात काम उचलतो, कारण त्याला विमा नाही, बाँड नाही, परमिट नाही. त्याच्याशी हा दरात कसा टिकणार? मी २०१७ साली भिडेपोटी प्रश्न गिळला, त्यात माझ्याबरोबर याच्यासारख्यांचंही नुकसान केलं होतं.

करार अकरा पानांचा होता. तो मी दोन रात्री वाचला. काम कोणतं, कोणतं नाही, सुरुवात-शेवट कधी, हप्ता कोणत्या टप्प्याला. सही केल्यापासून तीन दिवसांत करार मोडायचा हक्क, ६५ किंवा त्याहून जास्त वय असलेल्यांना पाच दिवस. टाइल्स आणि नळांपुढे 'अलाउन्स' म्हणून एक रक्कम धरली होती. हा शब्द सांभाळायला हवा. तेवढ्या पैशात बसणारी टाइल दुकानात मिळते का हे सही करायच्या आधी बघून यावं; आम्ही गेलो तर आम्हाला आवडलेली दीडपट होती. मग आकडा तिथंच बदलून घेतला. मध्येच काही वाढलं तर ते आधी लिहून, दोघांच्या सह्या होऊन, मगच करायचं. तसं झालंही. भिंत उघडल्यावर आतली जुनी वायर अर्थिंग नसलेली निघाली. त्यानं काम थांबवलं, मला बोलावून वायर दाखवली, रक्कम लिहिली, मी सही केली. पाच मिनिटांचं काम, पण नंतरचं महिन्याभराचं भांडण वाचलं.

काम सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि टपालानं रजिस्टर्ड पत्र आलं. लाकडाच्या वखारीकडून. त्यात आमच्या घराचा पत्ता, माझं नाव, आणि आम्ही तुमच्या कामाला माल पुरवतोय, पैसे न मिळाल्यास तुमच्या मालमत्तेवर मेकॅनिक्स लिएन लावायचा आमचा हक्क राखून ठेवतोय, अशा अर्थाचा मजकूर. माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा फसलो की काय? रात्री अण्णांना फोन लावला. मी अडखळत समजावून सांगत होते, की आपण कॉन्ट्रॅक्टरला पैसे दिले तरी त्यानं वखारवाल्याला दिले नाहीत, तर वखारवाला थेट आपल्या घरावर...

"म्हणजे बोजा," अण्णा मधेच म्हणाले. "सातबाऱ्यावर सोसायटीचा चढतो तसा."

अगदी तसाच. सोसायटीचं पीककर्ज घेतलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो आणि तो उतरवल्याशिवाय जमीन विकायला गेलं की अडतं, हे कराडमधल्या कुणालाही सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की इथं कर्ज मी काढलेलं नसतं. कॉन्ट्रॅक्टरनं थकवलेले पैसे माझ्या घरावर येतात, आणि मी एकदा दिलेलेच पैसे मला दुसऱ्यांदा द्यावे लागू शकतात. अण्णांनी लगेच पुढचं विचारलं, "मग बोजा नसल्याचा दाखला कोण देतं?" त्यासाठीही कागद आहे. हप्त्याचा चेक देताना त्या वखारवाल्याकडून सशर्त हक्कसोड घ्यायची, चेक वटला की बिनशर्त. कायद्यानं त्याचे नमुने ठरवून दिलेले आहेत. आणि ते पहिलं पत्र म्हणजे धमकी नव्हती. माल पुरवायला लागल्यापासून वीस दिवसांत घरमालकाला कळवायचं, अशी ती रीतच आहे. कोण कोण आपल्या घराला माल देतंय हे त्यातून कळतं. दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरला पत्र दाखवलं तर त्यानं मान डोलावली आणि पुढच्या हप्त्याला वखारीचा सही केलेला कागद स्वतः घेऊन आला.

सगळं गुळगुळीत झालं असं मात्र नाही. काम तीन आठवडे लांबलं. दाराची चौकट पहिल्यांदा चुकीच्या मापाची आली. परवाना म्हणजे कामाच्या सफाईची हमी नव्हे, आणि तो २५ हजारांचा बाँडसुद्धा प्रत्येक घरामागे वेगळा नसतो, त्या कॉन्ट्रॅक्टरवर दावा सांगणाऱ्या सगळ्यांत मिळून तेवढाच असतो. म्हणून त्याची आधीची दोन कामं मी प्रत्यक्ष जाऊन बघितली होती आणि त्या घरांतल्या बायकांशी बोलले होते. एकीनं मला सांगितलं, उशीर करेल, पण फोन उचलेल. तसंच झालं. उशीर केला. फोन मात्र प्रत्येक वेळी उचलला.

हे सगळं चालू होतं ते २०२५ साल. त्याच वर्षी जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्स आणि ईटनच्या आगी लागल्या होत्या आणि १६ हजारांहून जास्त इमारती जळाल्या होत्या. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या आईवडिलांचं अल्टाडेनातलं घर त्यात गेलं. राख निवायच्या आत त्यांच्या दाराशी, म्हणजे जिथं दार होतं तिथं, गाड्या यायला लागल्या: आम्ही साफ करून देतो, आम्ही बांधून देतो, आगाऊ एवढे द्या. आणीबाणी जाहीर झालेल्या भागात परवान्याशिवाय असं काम घेणं हा इथं गंभीर फौजदारी गुन्हा आहे, तुरुंगात जावं लागण्याइतका. तो सहकारी मला सांगत होता, त्याचे वडील ऐंशीचे, आयुष्यभर सरळ वागलेले, आणि समोरचा माणूस डोळ्यांत पाणी आणून बोलत होता. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, नंबर काय? गाडी निघून गेली.

कराडची गोष्ट आता बदललीये. माझ्या भावानं दोन वर्षांपूर्वी घरावर मजला चढवला. मिस्त्री वारले, त्यांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. काम घेतलं ते तालुक्याबाहेरच्या एका ठेकेदारानं, टाइल्स बसवणारी पोरं राजस्थानची, सेंटरिंगवाले आणखी कुठले. काम संपलं की सगळे पांगतात. वायरमनला लायसन लागतं, नकाशावर सही करणाऱ्या इंजिनिअरला लागतं, सरकारी कामं घेणाऱ्यांची बांधकाम खात्याकडे नोंदणी असते, आणि बिल्डरच्या मोठ्या गृहप्रकल्पांना २०१७पासून महारेरा आहे. पण आपल्याच जागेवर आपलं एक घर बांधून देणारा जो ठेकेदार, ज्याच्या हातात माणूस आयुष्याची पुंजी ठेवतो, त्याची परीक्षा कोण घेतं? त्याचा नंबर कुठं टाकून बघायचा? भावानं तीन लाख उचल दिली आणि ठेकेदार पावसाळ्याचे चार महिने फिरकला नाही. भावाला मी विचारलं, काही लिहून घेतलं होतंस का? तो गप्प बसला. मी त्याला रागावले नाही. मागच्या गल्लीतली अब्रू गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही, यात त्याचा काय दोष? आपल्याकडेही असं मंडळ हवं, असा नंबर हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं. अण्णांना ते पटत नाही. ते म्हणतात, कागद तेवढे वाढतील. आमचा यावर वाद चालू असतो.

शॉवरचा खालचा थर घालायला दोन वेगळीच माणसं आली. इथं त्याला हॉट मॉप म्हणतात. रस्त्याच्या कडेला ट्रकमागच्या भट्टीत डांबर वितळत होतं आणि साऱ्या गल्लीत वास भरला होता, उन्हाळ्यात कराडच्या रस्त्यावर डांबर टाकतात तसा. बादलीतून ते कढत डांबर आत नेऊन त्यांनी जाड कागदाचे थर एकावर एक बसवले, कोपऱ्यांत दुमडून, भिंतीवर वीतभर चढवून. दोन तासांत काळंभोर चकाकणारं कुंड तयार झालं. ते निवल्यावर कॉन्ट्रॅक्टरनं मोरीच्या तोंडात रबरी फुगा बसवून हवा भरली आणि उंबऱ्याच्या काठापर्यंत पाणी सोडलं. मग खिशातून पिवळा मेणखडू काढला आणि पाणी जिथं टेकलं होतं तिथं काळ्या डांबरावर आडवी रेघ ओढली. "उद्या इन्स्पेक्टर येईल. तोवर कुणी हात लावू नका."

रात्री दोनदा उठून मी टॉर्च घेऊन बघून आले. नवऱ्यानं विचारलं, काय बघतेस? मी म्हटलं, वाफा.

सकाळी साडेसातला अण्णांना व्हिडिओ लावला. तिकडे रात्रीचे आठ वाजले होते, ते नुकतेच जेवून उठले होते. मी फोन शॉवरच्या उंबऱ्यावर वाकवून धरला. काळं डांबर, त्यावर पिवळी रेघ, आणि पाण्याचा काठ.

"जवळ घे," अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "अजून जवळ. त्या कोपऱ्यात बघ. तिथं उतरलंय का?"

मी कोपऱ्यात नेला. नव्हतं उतरलं.

"चारही कोपरे दाखव."

मी चारही कोपरे दाखवले. पाणी चारही बाजूंनी रेघेला टेकून होतं.

"हं," अण्णा म्हणाले. "साहेब येऊन बघू दे. मग सोडा पाणी."